वकिलांच्या शिक्षकांची सनद

वकिलीच्या शिक्षणाविषयी एका खेड्यातल्या शाळामास्तराने बोलावे याचे आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटेल. मी बेंबळीचा राहणारा. धाराशिव जिल्ह्यातील शाळांतून माझे सारे आयुष्य गेले, आणि शिक्षण म्हणाल तर मॅट्रिकपर्यंतचे. कायद्याचा अर्थ सांगण्याचा अधिकार मला नाही व तो मी घेणारही नाही. परंतु शिकवणे म्हणजे काय, शिकवण्याची तपासणी कशी होते आणि शिकवल्याचे सोंग कसे वठवले जाते, या गोष्टी मी जवळून पाहिल्या आहेत. प्रौढ, कमावत्या, सनदी वकिलांना पुन्हा शिकवायचे झाल्यास त्यांना शिकवण्यास योग्य कोण, आणि ती योग्यता ठरवावी कोणी, एवढ्याच प्रश्नापुरते आज मी आपल्याशी बोलणार आहे.

हा प्रश्न आजच का निघाला ते आधी सांगतो. १ जुलै २०२४ या दिवशी १८६० सालची भारतीय दंड संहिता, १८७२ सालचा पुरावा अधिनियम आणि १९७३ सालची फौजदारी प्रक्रिया संहिता या तिन्ही कायद्यांची जागा भारतीय न्याय संहिता, भारतीय साक्ष्य अधिनियम व भारतीय नागरिक सुरक्षा संहिता यांनी घेतली. लबाड माणसाला आपण पिढ्यान्‌पिढ्या चारसोबीस म्हणत आलो. त्या फसवणुकीचे कलम आता ३१८ झाले आहे. खुनाचे ३०२ होते, ते १०३ झाले. बोलीभाषा काही बदलायची नाही. लबाड तो चारसोबीसच राहील! पण कोर्टात उभ्या राहणाऱ्या वकिलाला आकडे तर बदलावे लागतातच, आणि आकड्यांपेक्षाही कामाची रीत अधिक बदलली आहे. पोलिसांनी झडती घेतली तर तिचे दृक्‌श्राव्य चित्रण करावयाचे असते. भ्रमणध्वनीवरील संभाषण पुराव्यात दाखल करावयाचे तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र दोन भागांत द्यावे लागते. एक भाग ते साधन ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरावयाचा व दुसरा तज्ज्ञाने. ही गोष्ट ज्या वकिलास ठाऊक नाही, त्याच्या अशिलाचा खरा पुरावाही वाया जाण्याचा संभव आहे. शिवाय १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच दंड संहिता लागू असल्यामुळे पुढील कित्येक वर्षे वकिलाला दोन्ही पुस्तके बगलेत बाळगावी लागणार आहेत.

आमच्या भागाला असा पालट नवा नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. कचेऱ्यांचा कारभार उर्दूत चाले आणि संस्थानची दंड संहिता निराळी होती. पुढे १९५१ च्या एका अधिनियमाने १ एप्रिल १९५१ पासून भारतीय दंड संहिता व इतर अनेक मध्यवर्ती कायदे हैदराबाद राज्यास लागू झाले. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि आमचे अपील हैदराबादऐवजी मुंबई हायकोर्टाकडे जाऊ लागले. ज्याने कायदा उर्दूतून पाठ केला, त्या चाळिशी-पन्नाशीच्या वकिलाला आठ वर्षांच्या आत कायदा, भाषा आणि वरचे कोर्ट या तिन्ही गोष्टी नव्याने आत्मसात कराव्या लागल्या. त्या पिढीच्या धडपडीचा इतिहास कोणी लिहावयास हवा. सरकारी निर्णयांच्या इतिहासात त्याला एक ओळही मिळत नाही.

आता व्यवस्था काय आहे ती पाहू. वकिलीचे पहिले शिक्षण कोठे घ्यावे यावर कडक पहारा आहे. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टाच्या सातव्या कलमाने कायद्याच्या शिक्षणाची पातळी ठरवणे, ज्या विद्यापीठांची पदवी सनदेसाठी चालेल त्यांना मान्यता देणे व त्यासाठी त्यांची पाहणी करणे ही कामे बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे सोपवली आहेत. या कामी तिची एक विधिशिक्षण समिती असते. तिच्या दहा सभासदांपैकी पाच कौन्सिलचे व पाच बाहेरून घेतलेले. २००८ साली केलेल्या नियमांत कॉलेजची इमारत, ग्रंथालय, अध्यापक, अभिरूप न्यायालय, गरिबांसाठी कायदेविषयक साहाय्य केंद्र यांचा बारीक विचार आहे. एका तुकडीत साठांहून अधिक विद्यार्थी नसावेत आणि परीक्षेस बसण्यासाठी साधारणतः शेकडा सत्तर हजेरी असावी, असेही त्यांत सांगितले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये तर कौन्सिलने नवी कॉलेजे काढण्यास तीन वर्षांची मनाई जाहीर केली. संख्या फार झाली आणि सत्त्व राहिले नाही, ही त्यामागची चिंता.

तपासणीने सत्त्व येते का, याविषयी मात्र मी साशंक आहे. तपासणीच्या आदल्या दिवशी शेजारच्या शाळेतून भिंतीवरचे नकाशे आणि प्रयोगशाळेच्या बाटल्या उसन्या आणण्याची रीत मी पाहिली आहे. नकाशे तेच, बाटल्या त्याच. त्या तालुकाभर हिंडत आणि प्रत्येक शाळेचा शेरा उत्तम येई. साहेबांना ते कळत नसे असेही नाही. सांगावयाचे एवढेच की, जी वस्तू मोजता येते ती उसनी आणता येते.

असो. एवढा पहारा सनद मिळेपर्यंतचा. सनद मिळाल्यावर मार्च २०११ पासून एक अखिल भारतीय परीक्षा द्यावी लागते. मूळ अधिनियमांची पुस्तके जवळ ठेवून ती देता येते. ती एकदा उतरली की मग वकिलाने तीस-चाळीस वर्षांत पुन्हा एक तासही वर्गात बसावे, अशी अट ॲडव्होकेट्स ॲक्टात नाही. त्या कायद्यात १९७३ च्या दुरुस्तीने एवढे मात्र आले की, बार कौन्सिलांनी कायदेविषयक परिसंवाद भरवावेत व नामांकित विधिज्ञांची व्याख्याने करवावीत. न्यायाधीशांसाठी उत्तनला महाराष्ट्र न्यायिक अकादमी आहे, भोपाळला राष्ट्रीय अकादमी आहे. ज्याच्या युक्तिवादावर न्यायाधीशाने विसंबावयाचे, तो वकील मात्र मोकळा!

याच महाराष्ट्रात डॉक्टरांची गोष्ट निराळी आहे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलने नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करताना तीस गुणतास भरल्याचा दाखला मागण्याची पद्धत घातली. हे तास कोठेही बसून भरत नाहीत. ज्या संस्थेस कौन्सिलने मान्यता दिली तिच्याच व्याख्यानाचे तास जमेस धरतात. सनदी हिशेबनिसांच्या संस्थेनेही आपल्या सभासदांना असेच तास लावून दिले आहेत. म्हणजे आपल्या शरीराची आणि पैशाची काळजी वाहणाऱ्यांना शिकत राहावे लागते. आपल्या स्वातंत्र्याची आणि जमिनीची काळजी वाहणाऱ्याला ते ऐच्छिक.

परदेशांत हा प्रयोग जुना झाला. अमेरिकेतील मिनेसोटा संस्थानाने १९७५ साली वकिलांना निरंतर शिक्षणाची सक्ती केली आणि पुढे बहुतेक संस्थानांनी ती उचलली. सक्ती आली की तिच्यामागून दुकाने येतात. तेव्हा शिकवणाऱ्या संस्थांना मान्यता देण्याचे नियमही करावे लागले. न्यूयॉर्कचे नियम मला विशेष मार्मिक वाटतात. तेथे संस्थेला मान्यता मिळते ती तीन वर्षांची. पुढे पुन्हा अर्ज. विषयात बौद्धिक वा व्यावहारिक सार असले पाहिजे, शिकवणारा त्या विषयातला जाणकार असला पाहिजे, आणि श्रोत्यांच्या हाती काळजीपूर्वक तयार केलेली लेखी टिपणे दिली पाहिजेत. ज्या वकिलाला फी परवडत नाही त्याच्यासाठी सवलतीची तरतूद संस्थेने ठेवली पाहिजे. आणि तास म्हणजे निदान पन्नास मिनिटांचे प्रत्यक्ष अध्यापन. प्रास्ताविक, भोजन आणि मधली सुटी त्यात मोजावयाची नाही.

श्रोतेहो, हा शेवटचा नियम आपल्याकडे लागू केला तर काय होईल याची कल्पना करा. आपल्याकडे दोन तासांचे व्याख्यान म्हणजे दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचा परिचय, परिचय करून देणाऱ्याचा परिचय, मग अध्यक्षांचे मनोगत आणि शेवटी आभार. व्याख्यात्याच्या वाट्याला पंचवीस मिनिटे आली तर तो भाग्यवान! पन्नास मिनिटांचा हिशेब लावला तर आपल्या कित्येक शिबिरांचा अर्धा गुणतासही भरावयाचा नाही.

उलट इंग्लंडची गोष्ट ऐका. तेथील सॉलिसिटरांना वर्षाला सोळा तास भरावे लागत. त्यांच्या नियामक संस्थेने १ नोव्हेंबर २०१६ पासून ते तास मोजणेच सोडून दिले. आपल्या कामाला काय कमी पडते ते सॉलिसिटराने स्वतः ओळखावे, ती उणीव कशी भरून काढली ते लिहून ठेवावे आणि तसे दरवर्षी जाहीर करावे, ही नवी रीत. हजेरीपट भरतो म्हणून डोके भरते असे नाही, हे त्यांना पटले. आम्हां मास्तरांना ते फार दिवसांपासून ठाऊक होते; पण आमच्याकडे हजेरीपटावर अनुदान अवलंबून असे, त्यामुळे आम्ही गप्प होतो.

आपल्याकडे सक्ती आणावयाची तर आणखी एक प्रश्न उभा राहतो: ती कोणत्या अधिकाराने? बार कौन्सिलने १९९५ साली सनदेपूर्वी एक वर्षाच्या उमेदवारीचा नियम केला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली व्ही. सुधीर यांच्या खटल्यात तो रद्द ठरवला. कारण उमेदवारीची मूळ तरतूदच संसदेने पूर्वी कायद्यातून काढून टाकली होती. पुढे १० फेब्रुवारी २०२३ रोजी घटनापीठाने अखिल भारतीय परीक्षा वैध ठरवताना कौन्सिलचे अधिकार बरेच विस्तृत मानले आणि सुधीर खटल्यातील ती संकुचित दृष्टी बाजूला सारली. तेव्हा वाट आता मोकळी दिसते. तथापि त्याच न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी असेही सांगितले की, सनद देताना कायद्यात लिहिलेल्या रकमेपेक्षा, म्हणजे सर्वसाधारण उमेदवाराकडून साडेसातशे रुपयांपेक्षा, अधिक फी बार कौन्सिलांना घेता येणार नाही. निरनिराळी राज्ये निरनिराळ्या नावांखाली हजारो रुपये घेत होती. शिकण्याच्या सक्तीच्या पाठीमागून पुन्हा तीच उकळणी येऊ नये, म्हणून मान्यतेच्या नियमांत फीची मर्यादा पहिल्या पानावरच असावी.

माझे मत विचाराल तर सक्ती असावी. पण मान्यता देणारा आणि वर्ग चालवणारा एकच नसावा. सनद देणार कौन्सिल, कॉलेजांना मान्यता देणार कौन्सिल, परीक्षा घेणार कौन्सिल. आता निरंतर शिक्षणाचे वर्गही तिनेच काढावेत, त्यांना मान्यता तिनेच द्यावी आणि हजेरीही तिनेच घ्यावी, हे काही बरे नव्हे. आपल्याच मुलाचा पेपर आपण तपासू नये, एवढा संकेत आमच्या खेड्यातल्या शाळेतही पाळला जाई. विधिशिक्षण समितीत निम्मे सभासद बाहेरचे घेण्याची कल्पना ज्यांना सुचली, त्यांनाच ती येथे आणखी पुढे नेता येईल.

दुसरे म्हणजे मान्यतेची कसोटी इमारतीवर लावली तर ही विद्या मुंबई-पुण्यातच अडकून पडेल. लोकमान्य टिळक पुण्यात वकिलीच्या परीक्षेचा वर्ग चालवीत. त्या वर्गाची प्रतिष्ठा त्याच्या दालनाच्या लांबी-रुंदीवर अवलंबून नव्हती. (याच टिळकांची लातुरास सरकी काढण्याच्या गिरणीत भागीदारी होती, आणि लातूर १९८२ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होते, हा उल्लेख केल्यावाचून आमच्या भागातल्या माणसाला पुढे जाववत नाही.) आज शिकवण्यास लायक माणूस तालुक्याच्या कोर्टातही असतो. वीस-पंचवीस वर्षे फौजदारी खटले चालवलेला वकील, निवृत्त न्यायाधीश, प्रयोगशाळेतला तज्ज्ञ, क्वचित एखादा जाणता कारकूनसुद्धा. अशांच्या नावांची यादी करून माणसाला मान्यता द्यावी. खोलीला देण्याचे कारण नाही. कायद्याची पुस्तके विकणाऱ्याने वर्ग काढला तर त्याला ती मान्यता देताना मात्र दहा वेळा विचार करावा.

आणि भाषा. आमच्याकडील खालच्या कोर्टांत साक्षीपुरावा मराठीत होतो, अशील मराठीत रडतो, पण कायद्यावरचे व्याख्यान बहुधा इंग्रजीत होते. ज्या पिढीने उर्दू सोडून मराठी-इंग्रजी पत्करली तिच्या नातवंडांना नवी संहिता मराठीतून समजावून घेण्याचा हक्क असावा, आणि मराठीत छापील टिपणे देईल त्याच संस्थेला आमच्या जिल्ह्यात मान्यता मिळावी.

आरंभ फार मोठा नको. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी कोर्टाला सुटी असते आणि वकिलांची बसण्याची खोली रिकामी असते. तेथे एक तास, पन्नास मिनिटे भरून, एकच विषय. हजेरी आरंभी न घेता शेवटी घ्यावी. आणि वर्ग कोणी घेतला, कोणत्या कलमावर घेतला व शेवटपर्यंत कोण कोण बसले, याचा कागद सोमवारी कोर्टाच्या फळ्यावर लावावा, म्हणजे तारखेची वाट पाहत बाहेर बसलेल्या अशिलालाही तो वाचता येईल.