भुताला कंठ फुटतो तेव्हा



आजच्या व्याख्यानासाठी आम्ही जो विषय घेतला आहे, तो पहिल्या ऐकण्यात थोडा थट्टेचा वाटण्याचा संभव आहे. भुताची गोष्ट आणि संगीत नाटक यांचे लग्न लावायचे झाले, तर पत्रिका जुळते की नाही, असा हा प्रश्न आहे. भुताची गोष्ट सांगणारा मनुष्य आवाज खाली आणतो. तो थोडे सांगतो आणि बरेचसे आपल्या कल्पनेवर सोडून देतो. गाणाऱ्याला असे करून चालत नाही. तो स्वर चढवतो, एकच ओळ चार वेळा घोळवतो आणि मनातले सारे शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवतो. एकाची कला झाकण्यात आहे, दुसऱ्याची उघड करण्यात. मग भुताने गावे कसे? आणि गायलेच, तर ते भूत राहते काय?

याचे उत्तर तात्त्विक चर्चेतून मिळणार नाही. म्हणून आपण एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. गास्ताँ लरू हा फ्रेंच लेखक मूळचा बातमीदार होता. न्यायालयातील खटल्यांच्या हकीकती लिहिता लिहिता तो कादंबरीकडे वळला. त्याची 'ल फाँतोम द लोपेरा' ही कादंबरी 1909 सालच्या सप्टेंबरपासून 'ल गोलुआ' या पॅरिसच्या दैनिकात क्रमशः येऊ लागली आणि 1910 मध्ये पुस्तकरूपाने निघाली. बातमीदाराची सवय त्याने सोडली नाही. हे भूत खरोखरच होते, आपण चौकशी केली आहे, कागदपत्रे पाहिली आहेत, अशा थाटात तो आरंभ करतो.

कथा घडते ती पॅरिसच्या संगीतगृहात. शार्ल गार्निए या वास्तुशिल्पज्ञाने उभारलेली ही इमारत 1875 च्या जानेवारीत उघडली. पाया खणताना खाली पाणी लागले. वाफेच्या पंपांनी महिनोन् महिने उपसा करावा लागला आणि शेवटी तळाशी एक मोठा हौदच बांधून काढावा लागला. लरूने त्या हौदाचे तळे केले आणि तळ्याच्या काठी भुताचे घर वसवले. 1896 साली तेथील प्रचंड झुंबराला तोलून धरणारे एक वजन प्रयोग चालू असताना प्रेक्षकांत कोसळले आणि एक बाई प्राणास मुकली. लरूच्या कादंबरीत सबंध झुंबरच खाली येते. 1907 मध्ये नामांकित गायकांच्या ध्वनिमुद्रिका शंभर वर्षांसाठी बंद करून त्याच इमारतीच्या तळघरात ठेवण्यात आल्या. आपल्या प्रस्तावनेत लरू तोही प्रसंग वापरतो. तळघरात पुरलेले आवाज! याहून चांगला आरंभ कोणत्या भयकथाकाराला सुचला असता?

या घरात एरिक नावाचा एक माणूस लपून राहतो. भूत म्हणजे हाच. त्याचा चेहरा कवटीसारखा आहे. पण क्रिस्टीन या तरुण गायिकेला तो प्रथम भेटतो तो केवळ आवाज म्हणून. भिंतीपलीकडून कोणी तिला गाणे शिकवतो आणि तो संगीताचा देवदूत आहे, अशी तिची समजूत होते. ही कथा संगीतासाठीच जन्मली असे आपण म्हणू. परंतु येथेच खरी अडचण सुरू होते.

गद्य लेखकाला तीन सवलती असतात. पहिली, तो संगीताची नुसती स्तुती करू शकतो. एरिकने वीस वर्षे खपून 'विजयी डॉन हुआन' ही संगीतिका रचली आहे आणि ती ऐकणारा होरपळून निघतो, असे लरू लिहितो. आपण ते मान्य करतो, कारण कागदाला आवाज नसतो. दुसरी सवलत, चेहरा झाकून ठेवण्याची. तिसरी म्हणजे, सर्वांत कठीण प्रसंग परभारे सांगण्याची. क्रिस्टीनने आपल्या कपाळाचे चुंबन घेऊ दिले, दोघेही रडली आणि आपण तिला सोडून दिले, हे सारे आपल्याला मागाहून कळते. मरणाच्या दारी असलेला एरिक आपल्या जुन्या ओळखीच्या एका इराणी गृहस्थाला ते सांगतो.

रंगभूमीवर यातली एकही सवलत मिळत नाही. संगीत दिव्य आहे म्हणालात, तर ते वाजवून दाखवा. नायकाने गायला पाहिजे, तर तोंड उघडे ठेवा. शेवटचा प्रसंग आमच्या डोळ्यांदेखत करा. याच्या नेमकी उलट स्थिती 1925 सालच्या अमेरिकन मूकपटाची. लॉन चॅनी या नटाने रंगवलेला तो भेसूर चेहरा चित्रपटाच्या इतिहासात राहिला. तेथे भुताला चेहरा होता, पण गळा नव्हता.

गळा देण्याचे प्रयत्न पुढे झाले. इंग्लंडमध्ये केन हिल याने 1976 साली एक संगीत रूपांतर केले आणि 1984 मध्ये ते नव्याने लिहिताना व्हेर्दी, गूनो, ऑफेनबाख यांच्या तयार चालींवर स्वतःची पदे बसवली. नाटकमंडळींना हा मार्ग परका नाही. पण जगभर गाजले ते अँड्र्यू लॉइड वेबरचे नाटक. 1986 च्या 9 ऑक्टोबरला ते लंडनच्या हर मॅजेस्टीज नाट्यगृहात सुरू झाले. हॅरल्ड प्रिन्स दिग्दर्शक होते आणि नेपथ्य व वेशभूषा मारिया ब्यर्नसन यांची होती. न्यूयॉर्कमध्ये ते 1988 पासून 2023 पर्यंत चालले आणि तेथे त्याचे 13,981 प्रयोग झाले. 2025 च्या मार्चमध्ये ते मुंबईतही आले होते. आपल्यापैकी काहींनी ते पाहिलेही असेल.

या मंडळींनी त्या तीन अडचणी कशा सोडवल्या ते पाहण्यासारखे आहे. एरिकची ती अद्भुत संगीतिका रंगमंचावर ऐकवणे भाग होते. लॉइड वेबरने ती नाटकातील इतर गाण्यांहून गोड करण्याचा मोह टाळला. त्याने ती मुद्दाम कर्कश, काळाच्या पुढची केली. तालमीला जमलेल्या गायकांना ती नीट गाताही येत नाही. आपल्या कानालाही ती टोचते आणि म्हणूनच या माणसाची प्रतिभा खरी असावी, असे आपल्याला पटते.

दुसरी अडचण मुखवट्याची. आरंभी संपूर्ण चेहरा झाकणारा मुखवटा योजला होता. पण त्यामागून गाणे कठीण, आणि भाव दाखवणे तर त्याहून कठीण. म्हणून मुखवटा अर्धा केला. पुढे तो अर्धा पांढरा मुखवटा नाटकाची जणू निशाणीच होऊन बसला. आमच्या मते या रूपांतराचे सारे मर्म या एका गोष्टीत आहे. गाण्यासाठी मुखवटा अर्धा कापावा लागला आणि कापताच आत अर्धा माणूस दिसू लागला. लरूच्या एरिकला पाहून अंगावर काटा येतो. या एरिकची मात्र आपल्याला कीव येते.

तिसरी अडचणही त्याच ओघात सुटते. तो इराणी गृहस्थ नाटकातून अजिबात काढून टाकला आहे. क्रिस्टीन सर्वांसमोर त्या विद्रूप माणसाचे चुंबन घेते, आणि ज्याला कोणी कधी जवळ केले नाही तो त्या एका स्पर्शाने हरतो. भयानक रसाने सुरू झालेले नाटक करुण रसात संपते. मग भय गेले कोठे? ते एका वस्तूत ठेवले आहे. आरंभी ते झुंबर वर चढते आणि मग पहिला अंक संपेपर्यंत प्रेक्षकांच्या डोक्यावर लोंबत राहते. ते पडणार हे प्रत्येकाला ठाऊक असते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. हा एरिक खुनी आहे. नाटकातही तो गळफास टाकून माणसे मारतो. अशा माणसाला उत्तमोत्तम चाली देणे म्हणजे गुन्हेगाराला नामांकित वकील देण्यासारखे नव्हे काय? गाणे साक्षीपुरावा तपासत नाही. ते एकदम हृदयात शिरते आणि मेलेल्यांची आठवण ठेवायला तेथे कोणी उरत नाही. आम्हाला हा धोका खरा वाटतो. जो मेला त्यालाही दोन स्वर मिळाले पाहिजेत, एवढे भान रूपांतरकाराने ठेवावे. या नाटकात ते पुरेसे ठेवले आहे असे आम्हाला वाटत नाही.

पण हा एकच मार्ग आहे असे मात्र नव्हे. हेन्री जेम्सची 'द टर्न ऑफ द स्क्रू' ही 1898 सालची कथा घ्या. एका एकाकी वाड्यात दोन मुले, त्यांची शिक्षिका आणि दोन मृत नोकरांची भुते. ती भुते खरी की शिक्षिकेच्या मनाचे खेळ, यावर टीकाकारांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. कथेत भुते दिसतात, पण एक शब्दही बोलत नाहीत. बेंजामिन ब्रिटन याने तिची संगीतिका केली, ती 1954 च्या सप्टेंबरात व्हेनिसला प्रथम झाली. मिफान्वी पायपर या लेखिकेला मुक्या भुतांसाठी शब्द लिहावे लागले. म्हणजे भुते गायली. तरीही भय टिकले. ब्रिटनने वादक अवघे तेरा घेतले आणि एकच स्वरबंध प्रवेशाप्रवेशाला पिळत नेला. त्याची भुते आपली दुःखे सांगून दया मागत नाहीत, ती मुलांना साद घालतात. मुख्य भुताची तान ऐकायला गोड आहे आणि ते गोड आहे म्हणूनच आपण घाबरतो, कारण ती हाक एका लहान मुलाला आहे.

तात्पर्य, भूत गाऊ लागले म्हणजे भय मरते असे नाही. ते का गाते, यावर सारे अवलंबून आहे. आपल्या गावाकडच्या भुतांना हे चांगले ठाऊक आहे. पिंपळावरच्या मुंजाची गोष्ट सांगणारी आजी त्याची कोणती वासना राहिली हे सांगितल्याशिवाय राहत नाही. वासना कळेपर्यंत आपण भितो. ती कळली की आपल्याला वाईट वाटू लागते. पद हे वासना उघड करण्याचे साधन आहे. ते कोणत्या क्षणी द्यायचे, हा सारा हिशेब आहे.

1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले, तेव्हापासून मराठी प्रेक्षकाला गाणाऱ्या नाटकाची गोडी आहे. उद्या आपल्यातल्या एखाद्या तरुण नाटककाराने भयकथेवर संगीत नाटक लिहायला घेतले, तर आमचे त्याला एवढेच सांगणे आहे. भुताला पहिल्या प्रवेशात पद देऊ नका. आधी इतरांना गाऊ द्या, भुताची जागा रिकामी ठेवा. मग ते गाईल तेव्हा त्याला एकच पद द्या, आणि ते असे द्या की, 'वन्स मोअर' म्हणण्याचे धैर्य कोणाला होऊ नये. त्या क्षणी सभागृहात जी शांतता पसरेल, तीच भुताच्या गोष्टीची मूळची शांतता. संगीताने ती मोडली नाही, तर रूपांतर साधले असे समजावे.