एएनएम की बी.एस्सी. नर्सिंग?



बारावीनंतर परिचर्येच्या शिक्षणाकडे वळू पाहणाऱ्या गंगापूर तालुक्यातील मुलामुलींसमोर, आणि त्यांच्या पालकांसमोर, आज प्रामुख्याने तीन वाटा असतात.

पहिली एएनएम, म्हणजे साहाय्यक परिचारिका-प्रसाविका.
हा २ वर्षांचा अभ्यासक्रम केवळ मुलींसाठी असून, उपकेंद्रात लसीकरण, गरोदर मातांची तपासणी आणि गृहभेटी करणारी आरोग्यसेविका याच शिक्षणातून घडते.

दुसरी जीएनएम, म्हणजे ३ वर्षांची पदविका.
येथे कला वा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनाही प्रवेश मिळू शकतो, ही बाब अनेक घरांत माहीतच नसते.

तिसरी बी.एस्सी. नर्सिंग, म्हणजे ४ वर्षांची पदवी.
तिला मात्र बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हवे, शिवाय राज्याची सामाईक प्रवेश परीक्षाही द्यावी लागते.

लवकर नोकरी हवी असेल, तर एएनएमचा मार्ग जवळचा वाटतो. परंतु मोठ्या रुग्णालयातील अधिपरिचारिकेच्या पदासाठी जीएनएम किंवा पदवीच लागते, म्हणून केवळ कालावधी पाहून निर्णय घेणे योग्य नव्हे.
जीएनएम झालेल्यांना पुढे २ वर्षांच्या पोस्ट बेसिक अभ्यासक्रमाने पदवी मिळवता येते. त्यामुळे मधली वाट कमी लेखण्याचे कारण नाही.

पुन्हा सांगायचे तर, कालावधीपेक्षा पुढे करावयाचे काम आधी पाहावे.

आणि शुल्क भरण्यापूर्वी, संस्थेला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे, याची खात्री अवश्य करून घ्यावी. कारण परिषदेच्या नोंदणीविना परिचारिका म्हणून काम करता येत नाही.