खोडदची दुर्बीण आणि आकाशातील घड्याळे



विज्ञानातील नव्या शोधांची वार्ता खेड्यातील शाळेत बहुधा परदेशाच्या नावाने पोहोचते. मुले ती कौतुकाने ऐकतात आणि आपल्या गावाशी तिचा संबंध नाही असे मानून विसरून जातात. चालू दशकातील एका मोठ्या संशोधनाचा काही भाग मात्र पुणे जिल्ह्यात, नारायणगावाजवळील खोडद येथे पार पडला आहे.

खोडदची दुर्बीण काचेची नव्हे. तारेच्या जाळीच्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात शेतामळ्यांतून उभ्या आहेत. त्या आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपतात. ह्या लहरी लांबीला मोठ्या असल्यामुळे जाळीच्या छिद्रांतून निसटत नाहीत. वारा मात्र आरपार जातो, म्हणून इतकी मोठी तबकडी हलकी व स्वस्त करता आली. ही युक्ती डॉ. गोविंद स्वरूप (१९२९-२०२०) यांची. साधनांच्या टंचाईतून निघालेली ही वाट शिक्षकांनी मुलांना अवश्य सांगावी.

आता मूळ विषय. आकाशात स्पंदक नावाचे तारे आहेत. वजनाने सूर्याहून भारी, पण आकाराने एखाद्या शहराएवढे असे हे तारे स्वतःभोवती फिरतात आणि दीपस्तंभाच्या झोताप्रमाणे त्यांचे ठोके पृथ्वीवर येतात. काही स्पंदक सेकंदाला शेकडो फेऱ्या घेतात, आणि त्यांचे ठोके उत्तम घड्याळाइतके नियमित असतात. आइन्स्टाइनने १९१६ साली सांगितले होते की, प्रचंड वस्तू परस्परांभोवती फिरल्या म्हणजे अवकाशातच लहरी उठतात. अशी लहर मध्ये आली तर ठोका किंचित लवकर वा उशिरा पोहोचेल. हा फरक सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी असतो.

एवढ्या फरकावरून लहर कशी ओळखावी? शाळेचेच उदाहरण घ्यावे. एक मुलगा उशिरा आला तर कारण त्याच्या घरी शोधावे. एका बाजूच्या सगळ्याच वाड्यांची मुले उशिरा आली, तर ओढ्याला पाणी आले असे गुरुजी न सांगता समजतात. त्याचप्रमाणे एक स्पंदक चुकला तर दोष त्याचा. पण जवळच्या दिशांतील स्पंदक बरोबरीने मागेपुढे होऊ लागले आणि काटकोनातील स्पंदक त्याच्या उलट, तर ती अवकाशाची लहर होय.

२९ जून २०२३ रोजी हा पुरावा जाहीर झाला. युरोपीय शास्त्रज्ञांनी भारतीय व जपानी सहकाऱ्यांसह २५ स्पंदकांची सुमारे २५ वर्षांची मोजमापे तपासली होती. अमेरिका, चीन व ऑस्ट्रेलिया येथील गटांनीही त्याच सुमारास आपापले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ताऱ्यांमधील विरळ वायूमुळेही ठोक्यांना उशीर होतो. हा उशीर खोडदची दुर्बीण ज्या लांब लहरी टिपते त्यांत ठळक दिसतो. म्हणून तो मोजून वजा करण्यास तिची मोलाची मदत झाली. लहरींचे उगमस्थान बहुधा आकाशगंगांच्या पोटातील महाकाय कृष्णविवरांच्या जोड्या असाव्यात. शास्त्रज्ञ ह्याला ‘पुरावा’ म्हणतात, ‘सिद्धता’ म्हणत नाहीत. हा भेद वर्गात फळ्यावर लिहून समजावण्याजोगा आहे.

ह्या कामास रेडिओ शांतता लागते. भोवतालच्या डोंगरांचा आडोसा मिळतो म्हणून ही जागा निवडली गेली. तरी वीजवाहिन्यांतील ठिणग्या, मोबाइलचे मनोरे यांचा गोंगाट आहेच. दुर्बिणीला बाधा पोहोचेल म्हणून नियोजित पुणे-नाशिक रेल्वेमार्गाची ह्या भागातील आखणी बदलण्याचे रेल्वे खात्याने ठरविले. रेल्वेच्या आशेवर असलेल्या शेतकऱ्याला हे रुचणे कठीण, आणि त्याची तक्रार अडाणीपणाची म्हणून उडवून लावणे अन्यायाचे होईल. टोमॅटो वेळेवर बाजारात जाणे हीही खरी गरज आहे. वरच्या वर्गातील मुलांपुढे शिक्षकांनी दोन्ही बाजू ठेवाव्यात व त्यांना बोलू द्यावे. उत्तर देण्याची घाई करू नये.

दरवर्षी २८ फेब्रुवारीस, राष्ट्रीय विज्ञानदिनी, खोडद येथे विज्ञानप्रदर्शन भरते आणि त्यात शाळांतील मुले आपले प्रयोग मांडतात. जवळच्या तालुक्यांतील शाळांनी सहलीची आखणी दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच हाती घ्यावी व प्रवेशाची चौकशी आधी करून ठेवावी.