घोड्याला पाणी, माणसाला नकार



आज ज्या विषयावर मला बोलावयाचे आहे, तो वरवर पाहता अगदी साधा वाटेल. परगावचा प्रवासी शहरात उतरला म्हणजे त्याला तीन गोष्टी लागतात : पाठ टेकावयास जागा, पोटाला अन्न व चहापाणी, आणि पुढे जावयास वाहन. इंग्रजी अमदानीत मुंबई वाढत गेली, तेव्हा या तिन्ही गोष्टींचा मोठा व्यापार तेथे उभा राहिला. दाम मोजणाऱ्या प्रत्येकाला या व्यापाराने दार उघडले काय, एवढाच प्रश्न मी आपणापुढे ठेवणार आहे.

प्रथम मुंबईची हकिगत पाहू. १८५३ साली मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली, १८६३ साली रेल्वेने बोरघाट ओलांडला आणि १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला. घाटावरचा माणूस आणि विलायतेचा साहेब, दोघेही आता पूर्वीपेक्षा लवकर मुंबईत पोहोचू लागले. साहेबासाठी १८७१ साली वॉटसनचे हॉटेल उघडले. त्याचा लोखंडी सांगाडा विलायतेत ओतून जहाजाने आणलेला होता. १८९६ च्या जुलै महिन्यात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे या देशात प्रथम येथेच दाखविण्यात आली. ते हॉटेल गोऱ्यांसाठी होते. जमशेटजी टाटांना तेथे प्रवेश नाकारला गेला आणि म्हणून त्यांनी १९०३ साली ताजमहाल हॉटेल उघडले, अशी आख्यायिका घरोघर सांगतात. ती आख्यायिकाच आहे. परंतु ती इतकी लोकप्रिय का झाली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. कातडीच्या रंगावरून दारात अडविले जाणे हा अपमान आहे, हे आमच्या सुशिक्षित वर्गाला तात्काळ समजले. जातीवरून अडविले जाणे हाही तोच अपमान आहे, हे समजावयास मात्र त्याला फार काळ लागला.

वाहनांचेही तसेच. १८७४ साली मुंबईत ट्राम सुरू झाली, ती घोडे ओढीत. शिवाय व्हिक्टोरिया आणि भाड्याच्या टांग्यांचे घोडे निराळे. तेव्हा तबेले हे शहराच्या दळणवळणाचे हृदयच होते. घोड्याला वेळेवर चंदी मिळे, त्याला खरारा होई, त्याच्यासाठी पाण्याचा हौद भरून ठेवीत. मुके जनावर धन्याला मिळवून देते, म्हणून त्याची निगा होई.

खाण्यापिण्याचा प्रकार जरा वेगळा. गिरणगावातील खानावळींत पुष्कळदा एका जातीचे किंवा एका गावचे लोक एकत्र जेवीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व पुढे विसाव्या शतकात इराणातून आलेल्या जरथुश्त्री लोकांनी मुंबईच्या नाक्यानाक्यांवर चहाची हॉटेले थाटली. तेथे नाना जातीधर्मांची माणसे एकाच छपराखाली येऊन बसू लागली, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

परंतु बाजार जे दार उघडतो, ते समाज बंद करू शकतो. हे पाहण्यासाठी मुंबईबाहेर जाऊ. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यासाठी गेले. परदेशात उच्च शिक्षण घेऊन आलेल्या या विद्वानाला हिंदू हॉटेलात जागा मिळणे शक्य नव्हते. एका पारशी पथिकाश्रमात दिवसाला दीड रुपया देऊन, पारशी नाव सांगून त्यांना राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना ते छप्पर सोडावे लागले. खिशात दाम होते, अंगी विद्या होती, हातात संस्थानची नेमणूक होती. उपयोग कशाचाच झाला नाही.

पुढे १९२९ साली तेच बाबासाहेब सरकारी समितीचे सभासद म्हणून चाळीसगावी उतरले. एकही टांगेवाला त्यांना घेऊन जावयास तयार होईना. अखेर टांगा भाड्याने घेऊन आपल्याच एका माणसाने तो हाकला. त्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती. पुलावर अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. ज्याची रोजची भाकर भाड्यावर अवलंबून, तोही जातीपायी भाडे सोडावयास तयार झाला. तेव्हा पैशाच्या लोभाने जात आपोआप वितळेल, असे मानणाऱ्यांनी हा टांगा विसरू नये.

आता कोल्हापूरकडे वळू. गंगाराम कांबळे हे छत्रपती शाहू महाराजांच्या पागेत नोकरीस होते. घोड्यांना पाणी पाजणाऱ्या त्या माणसाने सवर्णांच्या पाण्याला हात लावला, म्हणून त्याला मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा करण्यास साहाय्य दिले. त्यातून गंगारामांचे चहाचे हॉटेल भर शहरात उभे राहिले. सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा महाराज आपली गाडी तेथे थांबवून स्वतः चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यावयास लावीत. ज्याच्या हातचे पाणी चालत नव्हते, त्याच्या हातचा चहा राजाने चारचौघांत घेतला, हे त्या घटनेचे मर्म आहे.

परंतु राजाची कृपा राजाबरोबर संपते. हक्क मात्र कायद्यात लिहावा लागतो. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे व धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असे त्यात होते. त्याची अंमलबजावणी किती झाली, हे १९२७ सालच्या महाडच्या सत्याग्रहाने जगाला दाखविले. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या १५ व्या कलमात दुकाने, उपाहारगृहे व हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख झाला. १९५५ च्या अस्पृश्यता अपराध कायद्याने तर हॉटेल, धर्मशाळा व मुसाफिरखान्यातील भांड्यांच्या वापराचा आणि सार्वजनिक वाहनांचाही समावेश केला. पुढे १९७६ साली त्यालाच नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळाले. कपबशीसारखी क्षुल्लक वस्तू कायद्यात का आली, असे कोणी विचारील. त्याला उत्तर एकच : वेगळ्या ठेवलेल्या कपबशीत माणसाची सारी अप्रतिष्ठा मावते.

देशाच्या काही भागांत चहाच्या दुकानी दोन प्रकारचे पेले अजूनही आढळतात. आडनाव ऐकून भाड्याची खोली नाकारणारे घरमालक तर शहरातही आहेत. म्हणून माझे सांगणे एवढेच. वेगळा पेला पुढे आला तर तो मुकाट्याने उचलू नका. साक्षीदार ठेवा, तक्रार लेखी द्या, आणि एकटे जाऊ नका, संघटित होऊन जा. हॉटेलातील खुर्ची ही मालकाने दाखविलेली मेहेरबानी नव्हे. इतरांइतकेच दाम मोजून इतरांइतक्याच मानाने तिच्यावर बसणे हा आपला नागरिक म्हणून हक्क आहे, आणि वापरात न आणलेला हक्क कागदावरच राहतो.