घरात कोण आहे, हे यंत्रास कसे कळते?

(वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेल्या वर्षी माझ्या मुलाने आमच्या घरातले दिवे राउटरच्या जोडीने चालतील असे करून दिले. घरचे कोणी आले की ओसरीवरचा दिवा आपोआप लागतो. सगळी बाहेर पडली की सारे दिवे मालवतात. शेजारणी विचारतात, "अहो, त्या पेटीला कळते तरी कसे?" मुलाकडून जे समजून घेतले, तेच आज सांगते.

राउटर म्हणजे घरभर इंटरनेट पुरवणारी पेटी. वायफायवर येणारा प्रत्येक फोन बारा अक्षरांचा एक क्रमांक सांगतो आणि राउटर तो आपल्या यादीत टिपून ठेवतो. आपल्याच जिल्ह्यात टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. तेही बारा आकडी. पण आधार माणसाचा, आणि हा क्रमांक फोनचा! हा फरक ध्यानात असू द्यावा.

'होम असिस्टंट' नावाची एक विनामूल्य प्रणाली २०१३ साली निघाली. ती आमच्याकडे एका लहानशा संगणकावर चालते. ती घडोघडी राउटरची यादी वाचते. माझा फोन दिसला, की आई घरी आहे असे धरते.

यात दोन अडचणी येतात. पहिली म्हणजे, बॅटरी वाचवण्यासाठी फोन मधूनच झोपी जातो आणि यादीतून गळतो. म्हणून फोन दिसेनासा झाल्यावर लगेच दिवे न मालवता आम्ही दहा मिनिटांची मुदत ठेवली. दुसरी, २०१९-२० पासूनचे फोन खरा क्रमांक लपवून वायफायला बनावट क्रमांक सांगतात. बाहेर ते चांगलेच. पण घरच्या वायफायपुरती ती सोय फोनमध्ये बंद करावी लागते, नाहीतर क्रमांक बदलला की ओळख चुकते.

आता आमची फजिती सांगते. दत्तजयंतीला आम्ही सगळी सारंगखेड्याच्या यात्रेला गेलो. सासूबाई घरीच होत्या. त्या फोन वापरत नाहीत. दिवेलागणीला आम्ही निघालो आणि दहा मिनिटांनी सारे घर अंधारात गेले. बटण चाचपताना त्या उंबरठ्याला ठेचकाळल्या. गुडघा पंधरा दिवस सुजलेला होता. आम्ही परतलो तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "तुमच्या यंत्राच्या लेखी मी घरात नव्हतेच."

मला फार लागले ते. यंत्राने चूक केली नव्हती; त्याला फोन मोजायला सांगितले होते, ते त्याने मोजले. घरात म्हातारे माणूस आहे, हे सांगायचे आम्हीच विसरलो.

त्यानंतर सासूबाईंची खोली, मोरी आणि तिथवरची वाट या साऱ्यांचे दिवे आम्ही त्या योजनेतून काढले. तिथे साधे बटणच बरे. हालचाल ओळखणारे यंत्रही मिळते, पण माणूस निजले वा स्वस्थ बसले की पुष्कळदा त्यालाही ते दिसत नाही. शिवाय वीज गेली की राउटर बंद पडतो. म्हणून तो आम्ही इन्व्हर्टरवर घेतला.

आणखी एक गोष्ट बायकांनी मनावर घ्यावी. कोण किती वाजता गेले, किती वाजता परतले, याची नोंद ही प्रणाली ठेवते. दिव्याच्या सोयीसाठी घेतलेली वस्तू उद्या सुनेवर किंवा मुलीवर पाळत ठेवायला वापरली जाऊ नये. आमच्या मुलीने हे विचारले, तेव्हा जुन्या नोंदी थोड्या दिवसांतच पुसल्या जातील असे मुलाने करून दिले. ज्याचा फोन जोडायचा, त्याला आधी विचारावे.

भगिनींनो, ही सोय जरूर करून घ्या. मात्र जोडणी करणाऱ्याला आधी विचारा, "आमच्या घरात ज्याच्याजवळ फोन नाही, त्याचे काय?"