सायकलीचे माप आणि दुकानदाराचे कर्तव्य
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या स्नेहसंमेलनात आरोग्य या विषयावर एखाद्या डॉक्टरांचे व्याख्यान व्हावे, असा कार्यकारी मंडळाचा मूळ बेत होता. तो जुळून आला नाही आणि ती जागा आमच्याकडे आली. आम्ही डॉक्टर नव्हे. पुण्याच्या पेठेत ३६ वर्षे सायकलीचे दुकान चालविले, पंक्चरे काढली, चाकांचा आऊट काढला, आणि हात थरथरू लागले तेव्हा दुकान बंद केले. एवढीच आमची पात्रता. आरोग्याविषयी आम्ही जे बोलू ते सायकलीच्या सीटवरून दिसते तेवढेच असेल.

दुसरी गोष्टही आधीच सांगितलेली बरी. गुणवंत विद्यार्थ्यांस यंदा रोख बक्षिसाऐवजी सायकली द्याव्यात, असा ठराव मंडळापुढे आहे. अकरा सायकली, एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या, आणि ज्याचा दर कमी त्याच्याकडून घ्याव्यात, असे त्याचे स्वरूप आम्ही वाचले. हेतू उत्तम आहे. देणाऱ्यांचे मन मोठे आहे. परंतु ‘एकाच मापाच्या’ हे शब्द वाचून आम्हांस अस्वस्थता वाटली, आणि ती का वाटली ते सांगण्यासाठीच आम्ही हे निमंत्रण स्वीकारले.

१९८३ सालच्या जून महिन्यातली गोष्ट आहे. आपल्या ज्ञातीतलेच एक गृहस्थ मुलाला घेऊन आमच्या दुकानी आले. मुलगा सातवीत गेला होता, शाळा लांब पडली होती. त्या काळी काळ्या रंगाची, २८ इंची चाकांची आणि २२ इंची सांगाड्याची सायकल हीच सर्वांची सायकल. आमच्याकडेही तेव्हा तीच शिल्लक होती. अशा सायकलीची आडवी नळी जमिनीपासून सुमारे ३३ इंच उंच असते. मुलाचे पाय काही केल्या पुरेनात. वडिलांनी विचारले, “चालेल ना?” आम्ही उत्तर दिले, “वाढत्या अंगाचा आहे, दोन वर्षांत पाय पुरतील.” सदरा वाढत्या मापाचा शिवतात तशी आम्ही सायकल विकली. पंधरा दिवसांच्या आत टिळक रस्त्यावरच्या एका चौकात त्या मुलाला एकाएकी थांबावे लागले, पाय जमिनीला लागला नाही, आणि तो सायकलीसह आडवा झाला. उजवे कोपर मोडले. तो आज मोठा गृहस्थ आहे, म्हणून अधिक ओळख देत नाही. पण त्याचा हात अजूनही कोपरात पुरता सरळ होत नाही. त्याचे वडील पुढे कित्येक वर्षे हवा भरायला आमच्याच दुकानी येत. त्यांनी आम्हांस एका शब्दानेही दोष दिला नाही. तो दिला असता तर बरे झाले असते, असे आम्हांस पुष्कळदा वाटले आहे.

गंमत अशी की, त्याच काळी पुण्यात तासाच्या भाड्याने सायकली मिळत, आणि त्या दुकानांतून लहान मुलांसाठी लहान सायकली निराळ्या ठेवलेल्या असत. मुले आपणच उंची पाहून सायकल निवडीत. मोठी सायकल हाती आलीच तर आधी हाफ पॅडल, मग नळीवरून, मग सीटवर, असा क्रम त्यांचा तीच ठरवीत. तासाच्या भाड्यापुरते मुलांस जे कळत होते ते विकत घेताना आम्हां मोठ्यांस कळले नाही.

तेव्हा मापाविषयी प्रथम बोलू. सायकल घेताना दोन्ही पायांत ती घेऊन उभे राहावे. पावले जमिनीवर सपाट टेकलेली असताना वरची नळी आणि आपले अंग यांत किमान एक-दोन इंचांचे अंतर राहिले पाहिजे. हे अंतर नसेल तर रंग, गिअर, किंमत यांतले काहीही पाहू नये. ती सायकल आपली नव्हे.

त्यानंतर सीटची उंची. भिंतीचा आधार घेऊन सीटवर बसावे, पॅडल अगदी खाली न्यावे आणि त्यावर टाच ठेवावी. पाय गुडघ्यात सरळ झाला की सीट बरोबर लागली. मग टाचेऐवजी चवडा पॅडलवर ठेवला की गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो, आणि तेवढाच हवा असतो. अधिक काटेकोर मोजमाप हवे असेल त्यांनी अनवाणी भिंतीशी उभे राहून मांड्यांमध्ये पुस्तक वर दाबून धरावे आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर घ्यावे. त्याला ०.८८३ ने गुणले की पॅडलच्या दांड्या ज्या आसाभोवती फिरतात त्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते. ८० सेंटिमीटर पाय असेल तर ही उंची ७० सेंटिमीटरांच्या किंचित वर येते. फ्रान्सची मोठी शर्यत १९८६, १९८९ आणि १९९० या वर्षी जिंकणारा अमेरिकन शर्यतपटू ग्रेग लेमाँड याच्या नावाने ही रीत ओळखली जाते. आम्ही मात्र टाचेच्या रीतीवरच दुकान चालविले, आणि तिने क्वचितच दगा दिला.

आता या सभेत ज्यांचे गुडघे दुखतात अशी पुष्कळ मंडळी बसली आहेत. त्यांतल्या काहींनी सायकल सुरू करून, गुडघा अधिक दुखतो म्हणून सोडून दिल्याचे आम्हांस ठाऊक आहे. त्यांनी आधी सीट पाहावी. दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकावेत म्हणून आपल्याकडे सीट फार खाली ठेवतात. मग प्रत्येक फेरीत गुडघा प्रमाणाबाहेर दुमडतो आणि वाटीच्या पुढच्या बाजूस दुखू लागते. उलट गुडघ्याच्या मागे ताण येत असेल किंवा कंबर डावी-उजवीकडे डुलत असेल, तर सीट बहुधा वर गेली आहे असे समजावे. एका वेळी बोटाच्या अर्ध्या पेराएवढाच फरक करावा, आणि चार दिवस त्यावर चालवून पाहावे. थांबताना सीटवर बसून पाय टेकवण्याची सवय सोडावी. सीटवरून पुढे उतरून उभे राहावे, म्हणजे सीट योग्य उंचीवर ठेवण्याचे भय उरत नाही. दुखणे त्यानेही न गेल्यास डॉक्टरांस दाखवावे. पान्हा घेऊन बसू नये.

चालवण्याच्या रीतीत आमच्या मते मोठी चूक एकच आहे: जड पॅडल मारणे. जितका जोर अधिक तितका व्यायाम अधिक, अशी समजूत आहे. गिअरची सायकल नवी घेतलेला तरुण लगेच जड गिअर लावतो आणि चढावर उभा राहून कुंथतो. खरी रीत उलट आहे. गिअर हलका ठेवावा आणि पाय अधिक फिरवावे. मुरलेले सायकलपटू मिनिटाला ८० ते ९० फेऱ्या मारतात. आपण ६० ते ७० साधल्या तरी पुष्कळ झाले. जुन्या काळ्या सायकलीचा हिशेब सांगतो. पुढे ४४ दाते, मागे १८, चाक २८ इंची. पॅडलच्या एका फेरीत सायकल सुमारे साडेपाच मीटर जाते. मिनिटाला ५० फेऱ्या मारल्या तर ताशी सोळा किलोमीटर पडतात. डोक्यावर टोपी, मागे कॅरियरवर पिशवी आणि ओठांवर गाणे अशा त्या जुन्या माणसांचा वेग हाच होता, आणि त्यांना कोणी धापा टाकताना पाहिले नाही.

ब्रेकविषयी एक वेडी समजूत घरोघर आहे की, पुढचा ब्रेक दाबू नये, माणूस डोक्यावरून जातो. सायकल थांबू लागली की अंगाचा भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून थांबवण्याचे बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो. दोन्ही ब्रेक हळूहळू दाबावेत आणि अंग किंचित मागे न्यावे. ओल्या रस्त्यावर रबरी ब्रेक उशिरा धरतात, त्यामुळे पावसाळ्यात तयारी आधीपासून ठेवावी. निसरड्या वळणावर मात्र पुढचा ब्रेक एकदम आवळणे घातकच.

व्यायामाविषयी थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या सूचनेप्रमाणे मोठ्या माणसाने आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, आणि दोन दिवस तरी स्नायूंना बळ देणारी हालचाल असावी. मध्यम श्रम म्हणजे बोलता येते पण गाता येत नाही, अशी साधी खूण आहे. (तेव्हा मघाची गाणारी मंडळी थोडी कमीच श्रम करीत होती, हे कबूल करावे लागेल.) कचेरीत जाऊन-येऊन रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, एवढ्यात दीडशे मिनिटे भरतात. सायकलीवर शरीराचा भार सीट पेलते, म्हणून सांध्यांना ती सोयीची. पण त्याच कारणाने हाडांना तिचा फायदा चालण्याइतका होत नाही. केवळ सायकल चालवून सर्व साधेल असे आम्ही म्हणत नाही. मधुमेहासाठी औषध घेणाऱ्यांनी तर आधी डॉक्टरांस विचारून, खिशात साखर ठेवूनच बाहेर पडावे. नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी २०१५ साली अमेरिकेची सुमारे ४८०० किलोमीटरांची शर्यत पुरी केली, त्याचा आम्हांसही अभिमान आहे. पण आज आम्ही शाळेत आणि मंडईत जाणाऱ्यांविषयी बोलत आहोत.

आता आमच्या धंद्याविषयी, आणि येथे आम्ही कोणाचीही भीड ठेवणार नाही. दुकानात स्त्री आपल्यासाठी सायकल पाहावयास आली की दुकानदार तिच्याबरोबरच्या पुरुषाशी बोलतो. आम्हीही हे केले आहे. एकदा एका भगिनीने आम्हांस विचारले, “चालवणार मी आहे की हे?” तेव्हापासून आम्ही सुधारलो. दुसरी खोड जुना भाग न दाखवण्याची. चेन बदलली तर जुनी चेन गिऱ्हाइकाच्या हाती द्यावी आणि पट्टी लावून दाखवावी. नव्या चेनच्या चोवीस पिना बरोबर १२ इंचांत बसतात, तेच माप १२ इंच आणि वर एक अष्टमांश झाले की तिचे आयुष्य संपले. एवढे दाखवायला अर्धे मिनिट लागते आणि गिऱ्हाईक वीस वर्षे टिकते.

डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. उतावळा कारागीर ते उजव्यासारखे जोराने फिरवतो आणि आटे मारतो. मग पॅडल महिन्याभरात गळून पडते आणि दोष मालाला लागतो. हल्ली खोक्यात अर्धी जोडलेली सायकल घरी येते, ती घरच्या घरी जोडताना पुढचा चिमटा उलटा बसवलेला आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे. असे गिऱ्हाईक दुकानी आले की, “जिथून घेतली तिकडेच न्या” असा टोमणा मारण्याची रीत पडली आहे. हे आम्हांस मान्य नाही. मजुरी आधी सांगावी, ती पुरेपूर घ्यावी आणि काम नीट करावे. रस्त्यावर उलट्या चिमट्याची सायकल सोडून कोणाचा धंदा वाढलेला नाही.

गिऱ्हाइकांनीही ऐकावे. पाचशे रुपयांचा जेवणाचा खर्च विचार न करता करणारी माणसे पन्नास रुपयांच्या मजुरीवर घासाघीस करतात. चाकाचा आऊट काढणे हे कानाने आणि बोटांनी करण्याचे काम आहे; ते शिकायला आम्हांस तीन वर्षे लागली. मजुरी मारली की कारागीर तो वेळ दुसऱ्या ठिकाणी वाचवतो, आणि तो बहुधा ब्रेकवर वाचतो.

तेव्हा ठरावाकडे येऊ. आमची मंडळास विनंती अशी की, सायकली एकाच ठिकाणाहून घ्याव्यात, पण मापे अकरा असावीत. मुलामुलींना दुकानात नेऊन, उभे करून, मग खरेदी व्हावी. रंगही त्यांनाच निवडू द्यावा. आवडीच्या रंगाची सायकल पुसली जाते. दर ठरवताना महिन्यानंतरच्या पहिल्या दुरुस्तीची मजुरी त्यातच धरावी, कारण नव्या सायकलीच्या तारा पहिल्या महिन्यात बसतात, ब्रेकच्या वायरी सैलावतात आणि नट ढिले होतात. ती दुरुस्ती टळली की सहा महिन्यांत सायकल जिन्याखाली जाते. यामुळे खर्च वाढेल हे आम्ही जाणतो. अकराऐवजी नऊ सायकली द्याव्या लागल्या आणि दोघांना रोख रक्कम दिली, तरी आमचे मत बदलणार नाही. जी मुले अजून वाढणार आहेत त्यांच्यासाठी दोन-तीन वर्षांनी सायकल परत घेऊन धाकट्या विद्यार्थ्याला देण्याची सोय मंडळाने ठेवली, तर वाढत्या मापाचा प्रश्नच उरत नाही.

येत्या रविवारी सकाळी ८ ते ११ आम्ही ज्ञातिगृहाच्या अंगणात पट्टी, पान्हे आणि हवेचा पंप घेऊन बसणार आहोत. घरी पडून असलेल्या सायकली आणाव्यात. रोज वापरता तीच चप्पल किंवा बूट घालून यावे, कारण तळव्याच्या जाडीने सीटची उंची बदलते. ज्यांची सायकल जिन्याखाली गंजली आहे त्यांनी लाजू नये; आमच्या स्वतःच्या नातवाची तशीच आहे, तीही आम्ही आणणार आहोत.