न झालेल्या अपघाताची वर्दी



गेल्या पावसाळ्यांत भिवंडींतील आमच्या आळींतल्या एका खाणावळींत गॅसचा वास सुटला. कारागीर आला, त्यानें सिलिंडरची रबरी चकती बदलली, साबणाचें पाणी लावून बुडबुडे येत नाहींत हें पाहिलें आणि तो निघाला. "याची कोठें नोंद कराल ना?" असें मीं विचारलें. तो हंसून म्हणाला, "मास्तर, कांहीं झालेंच नाहीं, तर लिहूं काय?"

त्याचें काम चोख होतें. उत्तर मात्र मनाला पटलें नाहीं.

१८८४ च्या स्फोटक पदार्थांच्या कायद्याचें ८ वें कलम पाहा. दाबून भरलेले वायूही या कायद्याखालीं येतात. स्फोट वा आग होऊन कोणी दगावला, जबर जखमी झाला किंवा मालमत्तेची मोठी हानी झाली, तर जागेच्या ताबेदारानें नजीकच्या पोलीस ठाण्यास व मुख्य नियंत्रकास वर्दी दिली पाहिजे. या नियंत्रकाचें मुख्य कार्यालय आपल्या नागपुरासच आहे. परंतु कलम येथेंच थांबत नाहीं. ज्या प्रकारच्या अपघातांत अशी हानी बहुधा होते, तो सुदैवानें निभावला तरीही वर्दी द्यावयाचीच! नुसत्या गळतीचा उल्लेख त्यांत नाहीं. पण त्यामागील विचार गळतीसही लागू पडतो.

१८ मार्च १९३७ रोजीं अमेरिकेंतील टेक्सास राज्यांत न्यू लंडन येथील शाळेंत झिरपलेल्या वायूचा स्फोट झाला. सुमारें तीनशें मुलें व शिक्षक प्राणांस मुकले. त्या वायूला वास नव्हता. डोकें दुखतें, असें मुलें आधींपासून सांगत होतीं. त्याचा अर्थ कोणाच्या ध्यानीं आला नाहीं. वायूंत उग्र वास मिसळण्याचा कायदा तेथें झाला तो यानंतर. जन्मभर वर्गांत हजेरी घेतलेल्या माझ्यासारख्यास हें विसरवत नाहीं.

एक तक्रार क्षुल्लक वाटते. दहा तक्रारी एका वहींत उतरल्या, म्हणजे दोष कोठें आहे तें दिसूं लागतें.

तेव्हां वास येतांच रेग्युलेटर बंद करावा, दारें-खिडक्या उघडाव्या, विजेच्या बटणास हात लावूं नये, बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावें. आणि कारागीर निघण्यापूर्वीं तक्रारीची नोंद झाली कीं नाहीं, हें अवश्य विचारावें. वर्दी म्हणजे चहाडी नव्हे. ती शेजाऱ्याच्या मुलांची काळजी आहे.